85 सेंटीमीटर: जपानने अख्ख्या देशाच्या पोटाला टेप लावली त्याची गोष्ट

मी जपानमध्ये कावासाकीत सहा वर्षं होतो, सॉफ्टवेअरचं काम, आणि चाळीस पूर्ण झाली त्या वर्षी दोन गोष्टी एकदमच झाल्या. एक म्हणजे पगारातून कायगो होकेन नावाची नवीन कपात सुरू झाली, म्हातारपणी कुणीतरी सांभाळायला लागेल त्याचा विमा, तो तिथे चाळिशीपासून सगळ्यांनाच भरावा लागतो. आणि दुसरी म्हणजे वार्षिक तपासणीत नर्सबाईंनी टीशर्ट वर करायला सांगून नाभीवरून टेप फिरवली. श्वास सोडा म्हणाल्या. मी सवयीने पोट आत घेतलं. त्या शांतपणे थांबल्या, परत "सोडा" म्हणाल्या, आणि कागदावर लिहिलं 87.4.

उंची 171, वजन 70. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) 24 च्या आत, म्हणजे आपल्याकडे मला कुणी जाडा म्हटलं नसतं, आई तर दर फोनला "खातोस का नाही रे नीट" विचारायची. पण महिन्याभराने रिपोर्ट आला त्यात ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 190, वरचं बीपी 132, आणि घेर 85 च्या वर, या तिन्हीचा मिळून एकच शिक्का, मेटाबॉलिक सिंड्रोम. तिकडे सगळे त्याला नुसतं "मेताबो" म्हणतात. सोबत एक पत्र, की आहार आणि व्यायामाच्या मार्गदर्शनासाठी अमुक तारखेला या. मी गेलो नाही. का नाही गेलो ते पुढे येईलच, कारण या सगळ्या प्रकरणात माझ्यासारखे न जाणारे हाच खरा मुद्दा निघाला.

तर हे प्रकरण माझ्या पोटाचं नाही, त्या 85 या आकड्याचं आहे. एका देशाने चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या सगळ्यांची कंबर दरवर्षी मोजायची असं कायद्यात घातलं, तो आकडा आला कुठून, आणि मोजून नक्की काय झालं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. जपानी म्हणजे सगळे सडपातळ, भात-मासे-ग्रीन टी, शंभरी पार. अमेरिकेशी तुलना केली तर लठ्ठ लोक कमीच आहेत हे खरं, पण जपानमध्ये लठ्ठपणाची रेष मुळात बीएमआय 25 ला आहे, 30 ला नाही, आणि त्या रेषेने मोजलं तर 2019 च्या राष्ट्रीय आरोग्य-पोषण सर्वेक्षणात 33 टक्के पुरुष आणि 22.3 टक्के बायका वर निघाल्या. त्यांनी रेष खाली का आणली, तर त्यांच्याकडे शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल हे सगळं कमी वजनावरच बिघडायला लागतं. फार जाड होण्याआधीच माणूस आजारी पडतो. आपल्याला हे ऐकल्यासारखं वाटत असेल तर बरोबर आहे, त्यावर शेवटी येतो.

आणि ओकिनावा. ज्या बेटाच्या नावावर दीर्घायुष्याची पुस्तकं खपतात तिथले पुरुष 1995 च्या प्रांतवार आयुर्मान यादीत चौथे होते, 2000 च्या यादीत ते घसरून 26 वे झाले. जपानी पेपरांनी त्याला "26 शॉक" असं नाव दिलं. 1972 पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात, त्यामुळे हॅम्बर्गर, डब्यातलं लंचन मीट हे सगळं बाकी जपानच्या आधी तिथे पोचलेलं, आणि युद्धानंतर 2003 ची मोनोरेल येईपर्यंत रेल्वेच नाही, म्हणजे कुठेही जायचं तर गाडी. टोकियोतला माणूस स्टेशनच्या जिन्यांमुळे तरी चालतो. 2020 च्या यादीत ओकिनावाचे पुरुष 43 वे. आजोबा रताळी खाऊन शंभरी गाठतायत आणि नातू पन्नाशीत हार्टसाठी भरती.

बरं, आता ओसाका.

1980 च्या दशकात ओसाका विद्यापीठात युजी मात्सुझावा आणि त्यांचे सहकारी एका साध्या गोष्टीने चक्रावले होते. सारख्याच वजनाचे दोन पेशंट, एकाची शुगर-कोलेस्टेरॉल सगळं वाईट, दुसऱ्याचं छान. वजन तर तेच, मग फरक कुठे आहे? त्यांनी पेशंटना सीटी स्कॅनमध्ये घातलं आणि नाभीच्या पातळीवर एक आडवा काप घेतला. पाव मधोमध कापल्यावर दिसतो तसा. त्यात चरबी दोन ठिकाणी दिसते. एक कातडीच्या खाली, बाहेरून गोल कडं असल्यासारखी, जी आपण चिमटीत पकडू शकतो. आणि दुसरी पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांच्या भोवती, जी चिमटीत येत नाही. चरबी या पद्धतीने मोजायचा त्यांचा पेपर 1983 चा. मग 1987 मध्ये त्यांनी दाखवलं की साखर आणि रक्तातली चरबी बिघडणं हे आतल्या चरबीशी जोडलेलं आहे, नुसत्या जाडीशी नाही.

सर्वात मस्त उदाहरण सुमो पैलवानांचं. दीडशे किलोचा माणूस, एवढं मोठं पोट, दिवसाला आपल्या तीन-चार माणसांचं जेवण, पण सीटी काढला तर बहुतेक चरबी कातडीखाली, आत त्या मानाने थोडीच, आणि शुगर बऱ्याचदा नॉर्मल. कारण पहाटेपासून मरणाचा सराव. तोच पैलवान रिटायर झाला, सराव थांबला पण जेवण थांबलं नाही, की तिथून खरा त्रास सुरू होतो. मला हे वाचल्यावर आमच्या कोल्हापूरकडचे जुने पैलवान आठवले, आखाडा सुटल्यावर दहा वर्षांत डायबिटीस झालेले दोन-तीन तरी प्रत्येकाच्या ओळखीत असतात.

आतली चरबी एवढी वाईट का, तर थोडक्यात. तिथलं रक्त पोर्टल व्हेनने थेट लिव्हरला जातं, म्हणजे त्या चरबीतून सुटणारी फॅटी अॅसिड्स पहिल्या झटक्यात लिव्हरवर जाऊन पडतात, लिव्हर मग ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडत बसतं आणि इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. शिवाय चरबी म्हणजे नुसतं गोदाम नाही, ती रसायनं सोडते. ओसाकाच्याच लोकांनी 1996 मध्ये माणसाच्या चरबीतून एक जीन शोधून काढलं, त्यातून बनणाऱ्या प्रोटीनला आता अॅडिपोनेक्टिन म्हणतात. अमेरिकेतही त्याच सुमारास उंदरांमध्ये तेच सापडलं होतं. हे प्रोटीन रक्तवाहिन्यांना सांभाळतं आणि इन्सुलिनला मदत करतं, आणि उलटी तऱ्हा बघा, चरबीतूनच येतं पण आतली चरबी वाढली की ते कमी होतं. त्याच सुमारास त्यांना असंही दिसलं की रक्ताच्या गुठळ्या विरघळू न देणारं एक प्रोटीन आतल्या चरबीत जास्त बनतं. म्हणजे पोट सुटलं की हार्ट अटॅक का येतो याचा धागा लागला.

जपानी आहारतज्ज्ञ हे समजावताना बँकेचं उदाहरण देतात, मला ते फार आवडतं. कातडीखालची चरबी म्हणजे एफडी, सावकाश साठते, मोडायला कष्ट. आतली चरबी म्हणजे सेव्हिंग खातं, पटकन जमा होते आणि थोडं चाललं, थोडं कमी खाल्लं की पटकन निघतेही. ही चांगली बातमी आहे खरं तर. वजन तीन टक्के उतरलं तरी रिपोर्ट सुधारायला लागतात असं त्यांच्याकडे मानतात, म्हणजे 70 किलोच्या माणसाला दोन-सव्वादोन किलो.

आता प्रश्न असा की किती चरबी म्हणजे जास्त. उत्तर काढलं ते सीटीच्या कापात 100 चौरस सेंटीमीटर. हा काही देवाने दिलेला आकडा नाही, त्याच्या वर गेलं की बीपी, शुगर, रक्तातली चरबी यांपैकी सरासरी एकापेक्षा जास्त गोष्टी बिघडलेल्या दिसतात एवढंच. नंतर 2012 मध्ये 12,443 लोकांच्या सीटीवर परत तपासलं तर पुरुष, बायका, तरुण, म्हातारे सगळ्यांत साधारण 100 च्याच आसपास ती रेष आली, म्हणजे हा भाग तसा पक्का आहे.

पण कोट्यवधी लोकांचा सीटी दरवर्षी कोण काढणार, खर्च आणि रेडिएशन दोन्ही. म्हणून टेप. 1,193 लोकांचा सीटी आणि कंबर दोन्ही मोजून बघितलं की आत 100 चौरस सेंटीमीटर असताना बाहेर घेर किती भरतो. पुरुषांत आलं 84.4. बायकांत आलं 92.5. मग गोल करून 85 आणि 90. झालं. एवढीच या आकड्याची जन्मकथा. जो आकडा पुढे कायद्यात बसला, ज्याच्यावर टीव्हीवर तासतासभर कार्यक्रम झाले, तो एका आलेखावरच्या तिरक्या रेषेवरून उचलून सोयीसाठी गोल केलेला आहे. मी आकड्याची चेष्टा करत नाहीये, कुठेतरी रेष मारावीच लागते, रिपोर्टवर "साधारण जास्त" असं तर लिहिता येत नाही. पण रेषेच्या आजूबाजूला पाच सेंटीमीटर धुकं आहे हे लक्षात ठेवा.

त्यात बायकांचा 90 हा आकडा तर जगावेगळा. बाकी सगळीकडे बायकांची मर्यादा पुरुषांपेक्षा खाली असते, जपानमध्येच वर. त्यांचं लॉजिक असं की बायकांच्या कातडीखाली जास्त चरबी असते, त्यामुळे आत तेवढीच असतानाही बाहेरून घेर जास्त भरतो. सीटीच्या हिशोबाने बरोबर. पण मग आतल्या चरबीऐवजी पुढे कुणाला हार्ट अटॅक, पॅरॅलिसिस झाला यावरून रेष काढली तर? फुकुओकाजवळ हिसायामा नावाचं गाव आहे, क्युशू विद्यापीठ 1961 पासून त्या गावातल्या लोकांच्या मागे आहे, कोण कधी कशाने आजारी पडलं सगळं नोंदवतं. त्यांनी 2009 मध्ये हिशोब मांडला तर निघालं पुरुषांना 90 आणि बायकांना 80. म्हणजे पार वेगळंच, आणि आंतरराष्ट्रीय डायबिटीस फेडरेशन पण साधारण तेच म्हणत होतं. तरी सरकारी टेपवर 85 आणि 90 राहिलं ते राहिलंच. एकदा कोट्यवधी रिपोर्ट छापले की आकडा हलत नाही, हे कुठल्याही ऑफिसात काम केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

एप्रिल 2005 मध्ये आठ वैद्यकीय संस्थांनी मिळून व्याख्या जाहीर केली. घेर 85 किंवा 90 च्या वर असलाच पाहिजे, आणि त्यासोबत तीनपैकी दोन: ट्रायग्लिसराइड 150 च्या वर किंवा एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 40 च्या खाली हे एक, बीपी वरचं 130 च्या किंवा खालचं 85 च्या वर हे दुसरं, उपाशीपोटी शुगर 110 च्या वर हे तिसरं. पुढच्याच वर्षी सरकारने सांगितलं की 40 ते 74 वयातले दोनपैकी एक पुरुष आणि पाचपैकी एक बाई एकतर मेताबो आहे नाहीतर उंबरठ्यावर. देश हादरला वगैरे म्हणणार नाही, देशाला गंमत वाटली. "मेताबो" हा 2006 च्या गाजलेल्या शब्दांच्या पहिल्या दहात आला. आमच्या ऑफिसात साठीच्या जवळ आलेले बुचो म्हणजे डिपार्टमेंटचे साहेब स्वतःच्या पोटावर थाप मारून "मेताबो, मेताबो" म्हणून हसायचे, आणि संध्याकाळी त्याच पोटाने नोमिकाईला, म्हणजे ऑफिसच्या दारूपार्टीला, सगळ्यात पुढे. तिथे बिअर, तळलेलं चिकन, मग शेवटाला "शिमे नो रामेन", रात्री साडेअकराला वाडगाभर नूडल्स, ती खाल्ल्याशिवाय पार्टी संपली असं धरतच नाहीत. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत शेवटी मठ्ठा-भात तसं, फक्त हे आठवड्यातून दोनदा.

मग एप्रिल 2008. कायदा लागू झाला. तोकुतेई केन्शिन, म्हणजे विशेष तपासणी. गंमत म्हणजे तो कायदा नावाने म्हाताऱ्यांच्या आरोग्यखर्चाचा आहे, कारण सरकारचं गणित सरळ होतं, आज चाळिशीतल्याचं पोट आवरलं तर पंचवीस वर्षांनी डायलिसिस आणि बायपासचं बिल कमी येईल. ध्येयही ठेवलं, 2012 पर्यंत मेताबो आणि उंबरठ्यावरचे मिळून 10 टक्के कमी, 2015 पर्यंत 25 टक्के.

इथे परदेशी पेपरांनी जो गोंधळ घातला तो अजून व्हॉट्सअॅपवर फिरतो, की जपानमध्ये जाड असणं बेकायदेशीर आहे, पोट वाढलं की दंड होतो. साफ खोटं. मला एक येनही दंड झाला नाही, नोकरीवर काही आलं नाही, साहेबांना माझा आकडा कळलाही नाही. जबाबदारी ज्याच्या-त्याच्या आरोग्य विमा संस्थेवर टाकलेली आहे. तिच्याकडचे पुरेसे लोक तपासणीला आणि मार्गदर्शनाला आले नाहीत तर म्हाताऱ्यांच्या आरोग्यनिधीत तिला जो हप्ता भरावा लागतो तो वाढू शकतो, जास्तीत जास्त 10 टक्के. म्हणजे काठी संस्थेच्या पाठीवर, आणि संस्था आपल्याला पत्र पाठवते, फोन करते, "कृपया" म्हणते. पोटवाला माणूस मात्र पूर्ण मोकळा.

आणि मोकळा माणूस काय करतो ते आकड्यांत दिसतं. पहिल्या वर्षी तपासणीला आले 38.9 टक्के. ज्यांना मार्गदर्शन घ्यायला सांगितलं त्यांच्यातून ते पूर्ण केलेले 7.7 टक्के. चौदा वर्षांनी, 2022 मध्ये, तपासणी 58.1 आणि मार्गदर्शन 26.5. ध्येय होतं 70 आणि 45. मोठ्या कंपन्यांत तपासणी भरपूर होते, कारण कर्मचाऱ्याची वार्षिक तपासणी कंपनीला वेगळ्या कायद्याने बंधनकारकच आहे, तारीख येते, आपण पोटाच्या एक्स-रेसाठी बेरियम पितो, टेप लावून घेतो, सुटतो. पण स्वतःचा धंदा करणारे, दुकानदार, शेतकरी, जे नगरपालिकेच्या विम्यात असतात, त्यांच्यात 40 टक्क्यांच्या खालीच. त्यांना कोण सुट्टी देणार.

मी का नाही गेलो? प्रोजेक्ट होता हे सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे लाज. वीस मिनिटं एका अनोळखी बाईसमोर जपानीत बसून सांगायचं की मी रात्री दहाला जेवतो आणि वर श्रीखंड खातो, जे बायकोने घरीच चक्का टांगून केलेलं असतं. आणि दुसरं म्हणजे मला काही होत नव्हतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. ट्रायग्लिसराइड 190 चं काही वाटतच नाही हो माणसाला.

माझ्या शेजारच्या डेस्कवरचे एक पन्नाशीचे सहकारी मात्र गेले. त्यांच्या घेराशिवाय आणखी दोन गोष्टी बिघडलेल्या होत्या म्हणून "सेक्क्योकुतेकी शिएन", म्हणजे जोरदार मदतीचा कार्यक्रम, आधी समोरासमोर बोलणं मग काही महिने फोन, ईमेल. त्यांनी मला हिशोब दाखवला. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,000 कॅलरी, आणि एक किलो उतरलं की घेर साधारण एक सेंटीमीटर उतरतो. महिन्याला एक किलो काढायचं तर रोज 230 कॅलरी कमी. ती म्हणजे भाताचा एक वाडगा, किंवा बिअरचा अर्धा लिटरचा एक कॅन आणि वर थोडं. एवढंच. "डाएट करा" नाही, "एक कॅन सोडा". त्यांनी कॅन सोडला नाही, रामेन सोडलं, आणि एक स्टेशन आधी उतरून चालायला लागले. चार महिन्यांत घेर तीन सेंटीमीटरने उतरला, बेल्टला नवीन भोक पाडायला लागलं, आम्हाला सगळ्यांना दाखवून झालं.

आता त्यांच्यासारख्यांचेच आकडे गोळा केले तर काय येणार? सरकारच्या अभ्यासात आलंही तेच, जोरदार मदत पूर्ण केलेल्या पुरुषांचा वर्षभरात घेर 2.2 सेंटीमीटर आणि वजन 1.9 किलो कमी, बायकांचा 3.1 सेंटीमीटर आणि 2.2 किलो. योजना यशस्वी, टाळ्या. पण थांबा. जो माणूस वेळ काढून गेला, आकडे लिहून ठेवले, एक स्टेशन आधी उतरला, तो पत्र आलं नसतं तरी थोडाफार सुधारला असताच ना? आणि माझ्यासारखे न गेलेले या हिशोबात आहेतच कुठे?

म्हणून मला या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त आवडलेला भाग म्हणजे ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेच्या जर्नलमध्ये आलेला एक जपानी अभ्यास. त्यांनी त्या गोल केलेल्या 85 चाच उपयोग करून घेतला. विचार करा, एकाचा घेर 84.8 आणि दुसऱ्याचा 85.1. या दोघांत तसा काय फरक आहे? काहीच नाही. एकाने सकाळी पाणी जास्त प्यायलं असेल, नर्सने टेप अर्धं बोट खाली धरली असेल. पण 85.1 वाल्याला पत्र जातं आणि 84.8 वाल्याला जात नाही. म्हणजे सरकारने नकळत नाणं उडवल्यासारखाच प्रयोग करून ठेवला होता, फक्त कुणीतरी जाऊन रेषेच्या दोन्ही बाजूंची माणसं बघायची होती. त्यांनी सुमारे 75,000 पुरुषांचे 2013 ते 2018 चे रेकॉर्ड बघितले. एका वर्षाने रेषेच्या वरच्यांचं वजन खालच्यांपेक्षा किती जास्त उतरलं? 0.29 किलो. घेर? 0.34 सेंटीमीटर. बीपी, तीन महिन्यांची शुगर, वाईट कोलेस्टेरॉल, यात काहीच फरक नाही. आणि तो तीनशे ग्रॅमचा फरकसुद्धा तीन-चार वर्षांत पुसून गेला.

तीनशे ग्रॅम म्हणजे किती, दोन-तीन टोमॅटो.

यावर लगेच "बघा, सगळं फुकट" म्हणणारे आहेत, मी त्यांच्यातला नाही. हा हिशोब पत्र आलेल्या सगळ्यांचा आहे, आणि त्यातले बहुतेक मार्गदर्शनाला गेलेच नव्हते. म्हणजे फार तर असं म्हणता येईल की बोलावणं पाठवून पोट कमी होत नाही. गेलेल्याचं होत असेलही. औषधाचं दुकान उघडलं पण कुणी गोळी घेतली नाही तर गोळी वाईट की चांगली हे कसं ठरवणार. माझ्या मते चूक कुठे झाली तर सगळी अक्कल रेष आखण्यात खर्च झाली. सीटी, आलेख, आठ संस्था, कायदा, आणि रेष ओलांडलेल्याला रात्री साडेअकराच्या रामेनपासून लांब कोण ठेवणार तर वीस मिनिटांची एक मुलाखत आणि चार ईमेल. बुचोंना कुणी सांगितलं का की पार्टी नऊला संपवा? आरोग्य मंत्रालयाची तेव्हाची घोषणा होती "आधी व्यायाम, मग आहार, सिगरेट पक्की बंद, शेवटी औषध". छान आहे, पण त्यात ऑफिसातून घरी कधी सुटायचं ते कुठेच नाही.

दुसरी तक्रार मला जास्त गंभीर वाटते. घेर असलाच पाहिजे ही अट. समजा एखादा काटकुळा माणूस आहे, घेर 80, पण बीपी 145 आणि शुगर वाढलेली. तो मेताबो नाही. त्याला ते पोटाचं मार्गदर्शनही मिळत नाही, फार तर रिपोर्टवर "डॉक्टरांना दाखवा" अशी ओळ. तो मात्र "मी तर मेताबो नाही" म्हणून खुश. 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकत्र बसून ठरवलं की घेर सक्तीचा नको, घेर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, बीपी, शुगर या पाचपैकी कुठल्याही तीन गोष्टी बिघडल्या की झालं. जपान मात्र घेराला चिकटून राहिला, कारण त्यांच्या दृष्टीने पोटातली चरबी हेच मूळ आहे, बाकीचे फांद्या. तात्त्विकदृष्ट्या सुंदर आहे. पण फांदी डोक्यावर पडली तर ती मुळापासून आली होती की नाही याने काय फरक पडतो.

2024 मध्ये दोन बदल झाले. एप्रिलपासून मार्गदर्शनाचे नियम बदलले, आधी किती फोन केले, किती ईमेल पाठवले याचे पॉइंट मोजायचे आणि 180 झाले की पूर्ण, आता माणसाचा घेर 2 सेंटीमीटर आणि वजन 2 किलो उतरलं तर फोन कितीही झालेले असोत, पूर्ण धरतात. सोळा वर्षं लागली हे सुचायला, पण सुचलं. आणि त्याच महिन्यात औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय ऑर्लिस्टॅट मिळायला लागलं, खाल्लेली काही चरबी पचूच न देणारी गोळी, आणि विकत घ्यायची अट काय, तर घेर पुरुषाला 85 आणि बाईला 90 च्या वर हवा, आणि खाण्या-चालण्याची वही आधीपासून लिहिलेली हवी, ती फार्मासिस्ट विचारतो. गोळीचा दुष्परिणाम म्हणजे न पचलेलं तेल नको तेव्हा नको तिथून बाहेर येतं. एक मित्र सांगत होता, गोळी घेतल्यावर तेलकट खायची भीतीच बसते, खरा असर तोच असावा.

मी आता पुण्यात आहे. जिममधल्या जपानी वजनकाट्यावर उभं राहिलं की "व्हिसरल फॅट" म्हणून एक आकडा येतो, बऱ्याच जणांना तो टक्के वाटतो. टक्के नाहीत ते. बऱ्याच काट्यांवर 9 पर्यंत ठीक आणि 10 पासून जास्त असतं, आणि तो 10 म्हणजे तेच ओसाकाचं 100 चौरस सेंटीमीटर, दहाने भागलेलं. अर्थात काटा आत बघत नाही, शरीरातून बारीक करंट सोडून, वय-उंची धरून अंदाज बांधतो, त्यामुळे रोजचा आकडा बघून हसू-रडू नका, महिन्या-दोन महिन्यांत कुठल्या दिशेने जातोय ते बघा.

आणि आपल्यासाठी रेष कुठली? इथे पुण्याचंच नाव येतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये एक फोटो छापून आला, दोघं शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. बारीक दिसणारा, आतून चरबीवाला, आपण सगळे. म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत दक्षिण आशियाई पुरुषांना 90 आणि बायकांना 80 आहे, पण भारतीय डॉक्टरांनी 2009 मध्ये जे ठरवलं त्यात दोन पायऱ्या आहेत, 90 आणि 80 ही वरची पायरी, आणि काळजी घ्यायला सुरुवात करायची ती खालची पायरी पुरुषांना 78 आणि बायकांना 72.

परवा बायकोच्या शिवणकामाच्या डब्यातली टेप काढून मोजलं. 89. म्हणजे कावासाकीत मेताबो, आंतरराष्ट्रीय यादीत एका सेंटीमीटरने पास, आणि भारतीय डॉक्टरांच्या खालच्या पायरीच्या अकरा सेंटीमीटर वर. बायकोला सांगितलं तर म्हणाली परत मोज, आणि या वेळी श्वास सोड.